खातेवहीत न मावलेली कमाई

लग्न नुकतेच लागले आहे. बाहेर पाऊस कोसळत आहे आणि नवदांपत्य टॅक्सीतून मधुचंद्राच्या प्रवासाला निघाले आहे. प्रवासासाठी साठवलेले दोन हजार डॉलर त्यांच्याजवळ आहेत. एवढ्यात टॅक्सीवाल्याला रस्त्यावरून धावणारी माणसे दिसतात. गावातल्या बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडाली आहे. थोड्या अंतरावर नवरदेवाच्या वडिलांनी चालविलेली लहानशी पतसंस्था आहे. तिचेही दार बंद असून भिजलेली माणसे मुकाट्याने दारापाशी उभी आहेत. नवरदेव टॅक्सीतून उतरतो, दार उघडतो आणि सर्वांना आत घेतो.

प्रत्येकाला आपली ठेव आत्ताच्या आत्ता हवी आहे. तो त्यांना समजावतो की, तुमचा पैसा या तिजोरीत नाही. तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात आहे आणि शेजाऱ्याचा पैसा तुमच्या घरात आहे. गावातला धनाढ्य सावकार मात्र याच घटकेला एका डॉलरच्या भागाला पन्नास सेंट रोख देण्यास तयार बसला आहे. माणसे तिकडे वळणार, इतक्यात नववधू हातातले दोन हजार डॉलर उंच धरते. मधुचंद्राचा पैसा गल्ल्यावर येतो. पहिला गृहस्थ आपले सगळे दोनशे बेचाळीस डॉलर मोजून मागतो. पुढची बाई वीसच मागते. आणखी एक बाई संकोचाने विचारते, साडेसतरा मिळतील का? सायंकाळचे सहा वाजतात, दार बंद होते, तेव्हा गल्ल्यात दोन डॉलर शिल्लक असतात. पेढी वाचलेली असते.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ सालच्या अमेरिकन चित्रपटातील हा प्रसंग आहे. नाताळच्या दिवसांत अमेरिकेतील असंख्य घरांत हा कृष्णधवल चित्रपट आजही सहकुटुंब पाहिला जातो. आजोबांनी पाहिला, वडिलांनी पाहिला, आता नातवंडे पाहतात. सणासुदीला पाहावयाचा गोड चित्रपट अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात त्याच्या मध्यभागी आहे ती एका व्यापारी कुटुंबावर आलेली खोट, हरवलेली रक्कम आणि त्या रात्री पुलावर एकटा उभा राहिलेला माणूस. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पेढी चालत आली आहे, त्यांना ही कथा परक्या देशाची वाटण्याचे कारण नाही.

दोनशे प्रतींची भेट

कथेचा मूळ लेखक फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या इतिहासावर लेखन करणारा हा गृहस्थ. आपण जन्मालाच आलो नसतो तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्या एका माणसाची छोटी कथा त्याने लिहिली, पण ती कोणी छापावयास घेईना. अखेर १९४३ च्या नाताळात त्याने स्वखर्चाने तिच्या दोनशे प्रती छापल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून मित्रमंडळींना पाठविल्या. ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ असे त्या कथेचे नाव. त्यांतली एक प्रत हॉलिवूडपर्यंत पोहोचली आणि आर.के.ओ. या चित्रसंस्थेने दहा हजार डॉलर देऊन कथेचे हक्क घेतले. संस्थेने एकामागून एक पटकथा लिहवून घेतल्या, पण एकही जमेना. शेवटी ती कथा फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाच्या हाती आली.

बाजारात जिला गिऱ्हाईक नव्हते, ती कथा भेट म्हणून वाटली गेल्यावर जगात पोहोचली. पुढे खुद्द चित्रपटाच्याही नशिबी असाच योग आला, तो पुढे येईलच.

सिसिलीहून आलेला मुलगा

फ्रँक काप्रा हा मूळचा इटलीतल्या सिसिली बेटाचा. बिसाक्विनो या गावी १८ मे १८९७ रोजी त्याचा जन्म झाला. १९०३ साली आईवडील मुलाबाळांसह अमेरिकेस निघाले. जहाजाच्या तळाशी, अत्यंत स्वस्त दराच्या जागेत, दाटीवाटीने त्यांनी तेरा दिवस काढले. तेथून आगगाडीने लॉस एंजेलिस गाठले. लहानगा फ्रँक रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागला. घरची ओढाताण असतानाही तो हट्टाने शिकला आणि १९१८ साली रसायन अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. ज्या महाविद्यालयातून तो बाहेर पडला, ते आज ‘कॅलटेक’ या नावाने जगप्रसिद्ध आहे. पदवी हाती असूनही नोकरी मिळेना. दारोदार पुस्तके विकण्यापर्यंत वेळ आली. चित्रपटाच्या धंद्यात तो शिरला तो असा, हातात दुसरे काही नव्हते म्हणून.

पुढील यश मात्र डोळे दिपविणारे होते. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने ऑस्करची पाच प्रमुख पारितोषिके एकाच वेळी मिळविली. पाच वर्षांत तीन वेळा उत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान काप्राकडे आला. राज कपूर आणि नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ ज्यांना आठवतो, त्यांना काप्राची ती कथा ठाऊक आहेच, कारण १९५६ चा हा हिंदी चित्रपट तिच्यावरूनच बेतलेला होता. स्वतः काप्रा मुंबईलाही येऊन गेला. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, त्या वेळी अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून तो उपस्थित होता.

दुसऱ्या महायुद्धात काप्राने सैन्यासाठी माहितीपट तयार केले. युद्ध संपल्यावर मोठ्या चित्रसंस्थांची चाकरी करावयाची नाही, असे ठरवून १९४५ मध्ये त्याने विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स आणि सॅम्युएल ब्रिस्किन यांच्या भागीदारीत ‘लिबर्टी फिल्म्स’ ही स्वतःची संस्था काढली. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हे त्या नव्या पेढीचे पहिले काम होते. म्हणजे चित्रपटात एक लहान पेढी मोठ्या धनिकाशी झुंजत होती आणि पडद्यामागेही तसाच एक खेळ चालू होता.

गाव न सोडलेला माणूस

चित्रपटाचा नायक जॉर्ज बेली. त्याची भूमिका जेम्स स्ट्युअर्टने केली आहे. बेडफर्ड फॉल्स नावाच्या छोट्या गावात जॉर्जचे वडील आणि काका मिळून ‘बेली ब्रदर्स बिल्डिंग अँड लोन’ ही संस्था चालवितात. अशा संस्था त्या देशात जुन्या. त्यांतली पहिली १८३१ साली फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्ड येथे निघाली. सभासदांनी दरमहा थोडीथोडी रक्कम भरून भाग घ्यावयाचे, आणि त्या एकत्र साठ्यातून एकेका सभासदाने घर बांधण्यासाठी कर्ज घ्यावयाचे, अशी तिची रीत. आपल्याकडील पतसंस्थांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. चित्रपटातील झुंबड ज्या महामंदीच्या काळात घडते, त्या काळी ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते. ते आले १९३३-३४ च्या कायद्यांनी. तोवर संस्था तगत असे ती चालविणाऱ्याच्या शब्दावर.

जॉर्जला हा धंदा मुळीच नको आहे. त्याला जग पाहावयाचे आहे, पूल आणि उंच इमारती बांधावयाच्या आहेत. प्रवासासाठी त्याने पेटीही घेतली आहे. पण निघण्याच्या वेळी वडील जातात. संस्था बंद पाडण्याची संधी गावचा धनाढ्य हेन्री पॉटर शोधतच असतो. संचालक म्हणतात, जॉर्ज जबाबदारी घेणार असेल तरच संस्था चालू ठेवू. तो थांबतो, आणि शिक्षणासाठी साठवलेला पैसा धाकट्या भावाला, हॅरीला, देतो. चार वर्षांनी हॅरीने परतून पेढी सांभाळावी आणि आपण जावे, असा बेत असतो. हॅरी परततो तो लग्न करून, सासऱ्यांकडची चांगली नोकरी ठरवून. जॉर्ज पुन्हा थांबतो.

थोरल्या मुलाने गल्ल्यावर बसायचे आणि धाकट्याने शिकावयास जायचे, हा न लिहिलेला करार किती घरांत झाला असेल! त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. थोरलाही बोलत नाही. काप्राने हे मौन नेमके टिपले आहे. हॅरीच्या नोकरीची बातमी ऐकताच स्टेशनच्या फलाटावर जॉर्जचा चेहरा क्षणभर विझतो आणि लगेच तो हसून वहिनीचे स्वागत करावयास पुढे होतो. त्याग केला म्हणून मन निवांत झाले, असे हा चित्रपट सांगत नाही. जॉर्जच्या मनात खंत आहे, चिडचिड आहे, मित्रांच्या श्रीमंतीची बोचही आहे. म्हणूनच तो खरा वाटतो.

पॉटर त्याला एकदा आमिषही दाखवितो. वर्षाला वीस हजार डॉलर पगार, परदेशाच्या सफरी, अट एवढीच की पेढी सोडून त्याच्या पदरी यावे. जॉर्ज क्षणभर पाघळतो. ज्या काळात त्याला आठवड्याला पंचेचाळीस डॉलर पडतात, त्या काळातली ही गोष्ट. मग पॉटरचा हात हातात घेताच त्या स्पर्शाने तो भानावर येतो आणि नकार देऊन बाहेर पडतो.

आठ हजार डॉलर

२४ डिसेंबर १९४५. युद्ध संपलेले आहे. हॅरी नौदलाचा वैमानिक म्हणून शौर्यपदक घेऊन परतत आहे. विसरभोळे बिली काका संस्थेचे आठ हजार डॉलर भरण्यासाठी बँकेत जातात. पुतण्याच्या पराक्रमाची बातमी असलेले वर्तमानपत्र ते पॉटरला डिवचण्यासाठी दाखवितात आणि बोलण्याच्या भरात नोटांचे पाकीट त्याच पत्राच्या घडीत राहून जाते. पॉटरला ते सापडते. पैसे कोणाचे हे त्याला ठाऊक आहे, काका वेड्यासारखे शोधत आहेत हेही तो दाराच्या फटीतून पाहतो, आणि गप्प राहतो. नेमका त्याच दिवशी सरकारी तपासनीस हिशेब तपासावयास आलेला आहे.

पॉटरने तिजोरी फोडलेली नाही, खोटी सही केलेली नाही. त्याने केवळ दुसऱ्याचे विसरलेले द्रव्य परत केले नाही. पण समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अचौर्य अणुव्रताचे जे विवेचन आहे, त्यात हीच बारीक बाब आलेली आहे. कोणी ठेवलेले, कोणाचे पडलेले किंवा कोणी विसरलेले परद्रव्य न घेणे, ही त्या व्रताची व्याख्या. श्रावकाच्या दृष्टीने पॉटरच्या त्या मौनाला काय म्हणावे, याबद्दल संदेह उरत नाही.

जॉर्जची स्थिती मात्र गुंतागुंतीची आहे. आधी तो बिली काकांची गचांडी धरून त्यांना नको ते बोलतो. घरी येऊन मुलांवर ओरडतो, मुलीच्या शिक्षिकेला दूरध्वनीवरून अपमानित करतो. कर्त्या पुरुषाला आर्थिक धक्का बसला की पहिला फटका घरच्या निरपराध माणसांना बसतो, हे काप्राने न झाकता दाखविले आहे. पण तोच जॉर्ज जेव्हा मदत मागण्यासाठी पॉटरसमोर उभा राहतो, तेव्हा रक्कम आपल्याच हातून हरवली असे सांगतो. काकांचे नाव तो ओठांवर येऊ देत नाही. घरात क्रोधाने सुटलेला तोल बाहेर पेढीच्या नावासाठी सावरला जातो.

तारण म्हणून त्याच्याजवळ केवळ एक आयुर्विम्याची पॉलिसी आहे, पंधरा हजारांची. तिच्यावर आजवर जमा झालेले मूल्य पाचशे डॉलर. पॉटर हसून म्हणतो की जिवंतपणापेक्षा मेल्यावरच तुझी किंमत अधिक आहे. त्या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक नाही, आणि म्हणूनच ते वाक्य भयंकर आहे. खचलेल्या मनाला त्या घटकेला अंकच तेवढे खरे वाटू लागतात. जॉर्ज बर्फाळ नदीच्या पुलावर जातो तो याच हिशेबाच्या ओझ्याखाली.

त्यापूर्वी एका मद्यगृहात, सभोवती गोंगाट चालू असताना, तो हलक्या आवाजात ईश्वराची प्रार्थना करतो. हा प्रसंग चित्रित होत असताना आपल्याला खरोखरच रडू कोसळले, असे स्ट्युअर्टने पुढे सांगितले आहे. युद्धात त्याने बाँबफेकी विमानाचा वैमानिक म्हणून वीस मोहिमा केल्या होत्या आणि परतल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच चित्रपट होता. ते अश्रू पुन्हा आणता आले नसते. म्हणून काप्राने दुरून घेतलेले तेच चित्र प्रयोगशाळेत मोठे करून वापरले.

तो नसता तर

पुलावर जॉर्ज उडी घेण्याआधीच एक म्हातारा पाण्यात पडतो, आणि मरावयास आलेला जॉर्ज त्याला वाचविण्यासाठी उडी घेतो. हा म्हातारा म्हणजे क्लॅरेन्स नावाचा देवदूत. जॉर्जला कसे थोपवावे, हे त्याने बरोबर ओळखलेले असते. ज्याला स्वतःसाठी जगावेसे वाटत नाही, तो दुसऱ्यासाठी हात पुढे करतोच. मग जॉर्ज त्राग्याने म्हणतो की आपण जन्मालाच आलो नसतो तर बरे, आणि क्लॅरेन्स त्याला तसेच जग दाखवितो.

त्या जगात गावाचे नाव पॉटरच्या नावावरून पडलेले आहे. जॉर्जच्या संस्थेने जिथे गरिबांसाठी घरे उभारली होती, तिथे स्मशान आहे. लहानपणी जॉर्ज ज्या औषधविक्रेत्याकडे कामाला होता, त्याने पुत्रशोकाच्या भरात चुकून कुपीत विष भरले होते आणि जॉर्जने ते वेळीच थांबविले होते. जॉर्जच नसल्याने तो वीस वर्षे तुरुंगात काढून आलेला आहे. हॅरी नऊ वर्षांचा असताना बर्फाखालच्या पाण्यात बुडाला, कारण त्याला ओढून काढणारा भाऊ नव्हता. हॅरी नव्हता म्हणून युद्धात त्याने वाचविलेले जहाजभर सैनिकही उरले नाहीत. आई आपल्याच मुलाला ओळखत नाही.

चित्रपटाची खरी ताकद या भागात आहे. जॉर्जचे धन वाढलेले नाही, हरवलेले पाकीटही सापडलेले नाही. त्याला केवळ ती बाजू दिसली, जी कोणत्याच माणसाला आपल्या वहीत दिसत नाही. नावे बाजूला काय लागले, हे जो तो रोज पाहतो. आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय जमा झाले, हे मात्र त्या दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले असते, आणि ती वही आपल्या हाती येत नाही. ताळेबंदात दिवाळे दिसत असलेला माणूसही दुसरीकडे ठेवी ठेवून बसलेला असू शकतो.

जॉर्ज पुलावर परततो आणि आपले जुने, कर्जबाजारी, अटकेच्या तोंडावर आलेले आयुष्यच परत मागतो. घरी धावत येतो, तेव्हा तपासनीस आणि पोलिस वाट पाहत असतात आणि तरीही तो आनंदाने त्यांचे स्वागत करतो. त्याची पत्नी मेरी (ही भूमिका डोना रीडची) रडत घरी बसलेली नसते. तिने गावभर निरोप फिरविलेला असतो. मग दारातून माणसे आत येऊ लागतात. औषधविक्रेता येतो, टॅक्सीवाला येतो, ज्यांची घरे संस्थेच्या कर्जावर उभी राहिली ते सगळे येतात. मेजावर नोटा आणि नाण्यांचा ढीग होतो. पैसे कसे गेले, चूक कोणाची, असे एकही जण विचारत नाही. तपासनीसही आपल्या खिशातून रक्कम टाकतो, आणि अटकेचा हुकूम फाडला जातो. हॅरी येऊन भावाला गावातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गौरवितो.

पॉटरला शिक्षा झालेली दिसत नाही. आठ हजार डॉलर त्याच्याकडेच राहतात. काप्राने ते खाते उघडेच ठेवले. ज्यांचा कर्मफलावर विश्वास आहे, त्यांना त्यात अपुरेपणा वाटणार नाही.

तोट्यातला चित्रपट

२० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्याच्या निर्मितीला तीस लाख डॉलरांहून अधिक खर्च आला होता आणि तिकीटबारीवर तो भरून निघाला नाही. ऑस्करसाठी पाच नामांकने मिळाली, त्यांपैकी एकही हाती लागले नाही. पारितोषिक मिळाले ते तंत्रज्ञांना, कृत्रिम हिमवर्षावाच्या नव्या युक्तीबद्दल. त्यापूर्वी पडद्यावरचा बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले मक्याचे पोहे असत. पायाखाली त्यांचा इतका आवाज होई की संवाद मागाहून मुद्रित करावे लागत. येथे आग विझविण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचे मिश्रण वापरून नि:शब्द बर्फ पाडण्यात आला. हे सारे चित्रण कॅलिफोर्नियात भर उन्हाळ्यात झाले. काही दृश्यांत बर्फात उभ्या असलेल्या स्ट्युअर्टच्या कपाळावरचा घाम दिसतो.

१९४७ मध्ये लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंट या मोठ्या संस्थेला विकावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेच्या तपास खात्याच्या, एफ.बी.आय.च्या, एका टिपणात या चित्रपटावर संशय घेतला गेला. धनवान बँकवाल्याला खलनायक दाखविणे ही साम्यवाद्यांची चाल असावी, असा त्याचा रोख होता. वास्तविक काप्रा राजकीय मतांनी परंपरावादी होता, आणि त्याच्या कथेचा नायकही व्याजाने कर्जे देणारा पेढीवालाच आहे. एकाच बाजारपेठेतले दोन व्यापारी काप्राने समोरासमोर उभे केले. एक ऋणकोची परतफेडीची दानत पाहतो, दुसरा केवळ तारण पाहतो.

पुढे काप्राला मोजकेच चित्रपट करता आले. १९६१ नंतर त्याने कथापट केला नाही. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ विस्मृतीत गेला होता. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार स्वामित्वहक्क अठ्ठावीस वर्षांपुरता असे आणि मुदत संपताना त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये ज्या संस्थेकडे हक्क होते, तिच्याकडून हे नूतनीकरण राहून गेले. चित्रपट कोणालाही विनामूल्य दाखविता येऊ लागला.

गावोगावच्या दूरदर्शन वाहिन्यांना डिसेंबरच्या सुट्टीत वेळ भरून काढण्यासाठी स्वस्त काही हवेच होते. त्यांनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखविला. एकाच दिवशी निरनिराळ्या वाहिन्यांवर तो लागू लागला. तिकिटाचे पैसे मोजून जो लोकांनी पुरेसा पाहिला नव्हता, तो आता ते आपल्या दिवाणखान्यात, मुलाबाळांसह पाहू लागले, आणि हळूहळू तो त्यांच्या सणाचाच भाग बनला. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी त्याची निवड झाली. मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क अद्याप जिवंत आहेत या आधारावर १९९३ मध्ये जुन्या मालकांनी चित्रपटावर पुन्हा ताबा मिळविला. तोवर त्याची जागा लोकांच्या मनात पक्की झाली होती. २००६ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने मनाला उभारी देणाऱ्या शंभर चित्रपटांची यादी केली, तेव्हा त्याला पहिले स्थान मिळाले.

एका कारकुनी विसरभोळेपणाने बिली काकांची पेढी बुडता बुडता वाचली आणि दुसऱ्या एका कारकुनी विसरभोळेपणाने हा चित्रपट अमर झाला. काप्रा हे भाग्य पाहावयास जिवंत होता. ३ सप्टेंबर १९९१ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. हाती घेतली तेव्हा ही नाताळची कथा आहे असे आपल्या मनातही नव्हते, असे त्याने उतारवयात प्रांजळपणे सांगितले होते.

कशाची ओढ?

जुन्या गावाची, जुन्या दिवसांची हुरहूर, असे या चित्रपटाच्या लोकप्रियतेचे कारण सांगितले जाते. पण बेडफर्ड फॉल्स कधी नव्हतेच. ते चार एकरांत उभारलेले, पंचाहत्तर दुकाने-इमारतींचे आणि बाहेरून आणून लावलेल्या वीस ओक वृक्षांचे नकली गाव होते. प्रेक्षकाला ओढ लागते ती गावापेक्षा तिथल्या व्यवहाराची. देणारा घेणाऱ्याला नावाने ओळखतो, अडचणीच्या दिवशी साडेसतरा डॉलरांवर भागवून घेतो, आणि संकटात सापडलेल्या माणसाला खुलासा विचारण्याआधी हात देतो, असा तो व्यवहार.

त्याला जुन्या बाजारपेठेत ‘पत’ हा एकच शब्द होता. पत तिजोरीत ठेवता येत नाही, ती दुसऱ्यांच्या मनात जमा असते. आपली पत किती, हे जॉर्जला ठाऊक नव्हते. ते गावाला ठाऊक होते आणि मेरीला होते. म्हणून त्या रात्री त्याने न मागताही ती लोकांच्या दारी गेली.

आजही एखाद्या पेढीवर रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो आणि वही पुढ्यात घेऊन कोणी एकटाच बसलेला असतो. लाज वाटते म्हणून तो घरी बोलत नाही, नाव जाईल म्हणून बाजारात बोलत नाही. या चित्रपटातली मेरी त्याच्यासाठी महत्त्वाची आहे. नवऱ्याच्या वागण्यावरून काहीतरी बिनसले आहे हे तिने ओळखले, काय झाले ते काढून घेतले आणि निरोप धाडले. उरलेले काम गावाने केले.